वणीच्या चौकातून जाणारे जुने रस्ते

वणीच्या चौकात उभे राहिले की चारही दिशांना रस्ते फुटलेले दिसतात. एक दिंडोरीवरून नाशिकला उतरतो, दुसरा पिंपळगाव बसवंतला आग्रा रस्त्याला मिळतो, तिसरा नांदुरीकडून सप्तशृंग गड व कळवणकडे जातो आणि चौथा बोरगावमार्गे सापुताऱ्याचा घाट उतरून सुरतेची वाट धरतो. उपबाजारात आलेला कांदा, परिसरातील द्राक्षे आणि टोमॅटो, गडावर निघालेले भाविक, गुजरातेत जाणारे मालट्रक, या साऱ्यांची गाठ याच चौकात पडते. रोज पायाखालची म्हणून या वाटेचे वय कोणी विचारीत नाही. ते मात्र थोडेथोडके नाही.

नाशिकच्या पांडवलेणीत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील शिलालेख आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारे या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर विसाव्याची जागा व पाणपोई उभारली. या यादीतील दमण म्हणजे दमणगंगा, आणि ती उगम पावते दिंडोरी तालुक्यातच. समुद्रकाठची बंदरे आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या वाटेची काळजी कोणी, कशी घेतली, याचा इतका तपशीलवार पुरावा महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडतो. विशेष हे की त्यात रस्ता बांधल्याचा डौल नाही. चालणाऱ्याला पाणी आणि सावली मिळाली, एवढीच नोंद आहे.

वाटेने माल येतो तसे सैन्यही येते. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर गेले आणि बागलाणमार्गे परतताना १७ ऑक्टोबरला दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेशी त्यांची गाठ पडली. इतिहासात ही वणी-दिंडोरीची लढाई म्हणून ओळखली जाते. त्याआधी, १६६४ च्या पहिल्या स्वारीत, सुरतेचे धनाढ्य जैन व्यापारी विरजी व्होरा यांच्या पेढीला मोठी झळ बसली होती. एकाच वाटेच्या दोन टोकांना इतिहास असा निरनिराळा आठवतो, आणि दोन्ही आठवणी खऱ्या असतात.

नाशिकहून वणीकडे निघाले की शहराच्या सीमेवर म्हसरूळ लागते. तेथील गजपंथाची लेणी दिगंबर परंपरेत सिद्धक्षेत्र मानली जातात. पूर्वेला आग्रा रस्त्यावर चांदवड. तेथील डोंगरात जैन लेणी, गावात अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल, आणि होळकरांच्या टांकसाळीतून निघालेला चांदोडी रुपया, ज्याचे नाव जुन्या हिशेबांत अजूनही भेटते. मारवाड आणि गुजरातेतून आलेली कुटुंबे अशाच वाटांनी येऊन बाजारगावांत स्थिरावली. कोणी कापडाचे, कोणी किराण्याचे, कोणी धान्याचे दुकान मांडले. दुकानाची जागा निवडताना पाणी आणि शेजार जितका पाहिला, तितकाच रस्ताही पाहिला.

रस्ता हलला म्हणजे दुकानाचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र दूर अमेरिकेत घडले. शिकागोपासून कॅलिफोर्नियातील सांता मोनिकापर्यंत, आठ राज्यांतून जाणारा सुमारे ३,९०० किलोमीटरचा ‘रूट ६६’ १९२६ मध्ये अस्तित्वात आला. दुष्काळाने उद्ध्वस्त झालेले शेतकरी याच रस्त्याने पश्चिमेकडे गेले. पेट्रोल पंप, खाणावळी, लहान लॉज आणि दुरुस्तीची दुकाने यांवर त्याच्या काठची गावे जगली. पुढे रुंद द्रुतगती मार्ग झाले. ॲरिझोनातील सेलिग्मन या छोट्या गावाला वळसा घालणारा मार्ग २२ सप्टेंबर १९७८ रोजी खुला झाला आणि गावातील वर्दळ जणू एका दिवसात थांबली. १९८५ मध्ये रूट ६६ हा क्रमांकही अधिकृतपणे रद्द झाला.

त्या गावात एंजल डेलगाडिलो नावाचे एक न्हावी होते. गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात बसून राहण्याऐवजी त्यांनी शेजारच्या दुकानदारांना एकत्र केले आणि १९८७ मध्ये संघटना स्थापन केली. त्याच वर्षी ॲरिझोना राज्याने आपल्या हद्दीतील रस्त्याच्या एका भागाला ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला. इतर राज्यांतही तशा संघटना झाल्या, आणि १९९९ मध्ये या मार्गाच्या जतनासाठी देशपातळीवर कायदा झाला. आज जगभरातून लोक तो जुना, अरुंद रस्ता पाहायला येतात. ही चळवळ कोणा इतिहासपंडिताने नव्हे, तर धंदा बुडालेल्या दुकानदारांनी उभी केली. व्यापारी घरांतील वाचकाला यातले मर्म वेगळे सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे हाच बदल आता घडतो आहे. मुंबई-आग्रा महामार्गाचा जुना ‘तीन’ हा क्रमांक २०१० च्या फेररचनेत गेला. आज राष्ट्रीय महामार्ग तीन म्हणजे पंजाबातील अटारीहून लेहकडे जाणारा रस्ता. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टाळून बोगद्यातून जाता येऊ लागले. वेळ वाचतो, अपघाताचा धोकाही घाटापेक्षा कमी. त्याविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. जुन्या रस्त्याकडे मात्र लक्ष हवे. मुंबईत सेंट थॉमस कॅथीड्रलपासून अंतर दाखवणारे ब्रिटिशकालीन मैलाचे दगड महापालिकेने शोधून जतनाला घेतले. सांगली जिल्ह्यातील भोसे येथील पुरातन वड वाचवण्यासाठी २०२० मध्ये महामार्गाची आखणीच बदलली गेली. म्हणजे मनात आणले तर हे येथेही होते.

जुना रस्ता राखण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते जैन घरांना सर्वांत जवळचे आहे. समृद्धीसारख्या द्रुतगती मार्गावर पायी जाण्यास मनाई असते. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि तो पायीच होतो. पहाटेच्या अंधुक उजेडात, भरधाव वाहनांच्या कडेने चालणाऱ्या साध्वीजींना अपघात झाल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. विहारधामे बांधली गेली, सोबत चालणारी तरुण मंडळे तयार झाली. तरी मूळ प्रश्न रस्त्याच्या कडेचा आहे. चौपदरीकरणात सावलीचे वड जातात आणि चालण्याची पायवाटही जाते. चैत्रात खानदेशातून गडाकडे येणाऱ्या पदयात्रांची आणि कोजागरीला कावड घेऊन निघणाऱ्यांची अडचणही हीच.

त्यामुळे वणीसारख्या गावात करण्याजोगी कामे मोठ्या खर्चाची नाहीत. रस्त्याच्या कडेला सलग पायवाट आणि सावलीची झाडे, उन्हाळ्यात पाणपोई, आणि जुना मैलाचा दगड, विहीर किंवा धर्मशाळा दिसली तर तिची नोंद व छायाचित्र. दुसरे काम घरातच आहे. माळ्यावरच्या पेटीत लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या, रोजमेळ, हुंड्या, मालाच्या बिल्ट्या आणि जकातीच्या पावत्या अनेकांकडे असतील. कोणत्या गावाहून कोणता माल आला, भाडे किती पडले, बैलगाडी कधी बंद होऊन मोटार कधी सुरू झाली, हे त्या कागदांत लिहिलेले असते. दिवाळीच्या साफसफाईत हे कागद रद्दीत जातात. मोडी वाचू शकणारे आजोबा घरात असतील, तर पेटी या दिवाळीआधीच उघडावी.