जनाबाई : एक नाव मागे का पडलं?

(येलदरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, येलदरीचं धरण पूर्णेवर आणि गंगाखेड गोदाकाठी; दोन्ही गावं आपल्याच परभणी जिल्ह्यातली. तेराव्या शतकात गंगाखेडला एक मुलगी जन्मली. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या त्या घरात कामाला राहिली. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्या जनाबाईंच्या नावाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

आधी व्युत्पत्ती पाहू. 'जन्' हा संस्कृत धातू. अर्थ जन्म होणे. त्यातूनच 'जन' म्हणजे लोक, 'जनक' म्हणजे पिता आणि जनकाची मुलगी ती जानकी. विष्णूच्या 'जनार्दन' या नावातही हाच 'जन' आहे, आणि घरात हाक मारताना जनार्दनाचा 'जना' होतोच. 'जना' कुठल्याही वाटेनं आलेलं असो, मूळ इथंच पोचतं. पुढे 'बाई' लागतं ते मानाचं. म्हणजे अर्थात कमीपणा कुठंच नाही.

तरी गावची मतदारयादी चाळून बघा. जनाबाई भेटतील त्या आजीच्या वयाच्या. नव्या मुली आरोही, श्रेया. कुणी म्हणेल, 'बाई' जुनं झालं. खरंय, पण तेवढंच नाही. मुक्ताबाईची मुक्ता झाली, सईबाईची सई झाली आणि ही नावं आज शहरातही हौसेनं ठेवतात. मग जनाच का राहिली?

मुक्ताबाई ज्ञानेश्वरांची बहीण, सईबाई शिवाजी महाराजांची राणी. जनाबाई मात्र दासी. आमच्या मते नावाची पत इथं ठरली.

आयर्लंडमध्येही असंच घडलं. संत ब्रिजिट ही तिथली थोर संत, म्हणून ब्रिजेट हे नाव घरोघर होतं. 1845 नंतरच्या दुष्काळात असंख्य आयरिश लोक अमेरिकेत गेले, त्यांतल्या कितीतरी मुली घरकामाला लागल्या. तिथं कुठल्याही आयरिश मोलकरणीला सरसकट 'ब्रिजेट' म्हणू लागले. मग आयरिश आईबापच ते नाव टाळू लागले. नाव संतिणीचंच होतं, लाज कामाची वाटू लागली.

आता जनाबाईंनी काय केलं ते बघा. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणं हे सगळं त्यांनी अभंगात आणलं आणि विठ्ठलाला सोबत जात्यावर बसवलं. 'दासी' हा शब्द त्यांनी लपवला नाही, आपल्या नावाला जोडून घेतला.

म्हणून नातीचं नाव जनाच ठेवा, असा आमचा आग्रह नाही. पण बारशाच्या वेळी एखादं नाव 'गावंढळ' म्हणून बाजूला सारताना, आपल्याला नाव नकोय की ते नाव लावणाऱ्या बाईचे कष्ट, एवढं घरात विचारून घ्या. आजीसमोरच विचारा.