थांबलेली धार : बोटीचे इंजिन, कुंभारीण आणि जलपर्णी

म्हैसूर जिल्ह्यातील बीचनहळ्ळी येथे कबिनी नदीवर १९७४ मध्ये धरण पूर्ण झाले. त्याचा जलाशय नागरहोळे आणि बंडीपूर या दोन अरण्यांच्या मधोमध पसरला आहे. वायनाडच्या डोंगरांत नैऋत्य मोसमी पाऊस झाला की तो भरतो आणि उन्हाळ्यात ओसरतो. पाणी ओसरले की बुडालेल्या जंगलाचे वठलेले बुंधे डोके वर काढतात, काठाला गाळ आणि कोवळे गवत उघडे पडते व त्या गवतासाठी हत्तींचे कळप उतरतात. पर्यटकांच्या मोटारबोटीही तेव्हा काठाजवळून, म्हणजे उथळ आणि गढूळ पाण्यातून हिंडत असतात. अशा ठिकाणी इंजिन बंद पडल्यास उतरून काठाने चालत परतण्याची सोय नसते, कारण काठ हत्तींचा असतो. म्हणूनच इंजिनाच्या बाजूने पडणाऱ्या पाण्याच्या एका बारीक धारेवर अनुभवी नावाड्याची नजर खिळलेली असते. ही धार थांबली तर इंजिन तापून निकामी होण्यास फार वेळ लागत नाही.

बोटीच्या मागील फळीला टांगलेल्या या आउटबोर्ड इंजिनाला मोटारगाडीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यावर ते चालते तेच पाणी खालून ओढून घ्यायचे, सिलिंडरभोवती फिरवायचे आणि पुन्हा बाहेर सोडायचे, एवढीच त्याची व्यवस्था. विहिरीवर डिझेल इंजिन चालविलेल्या शेतकऱ्याला ती ओळखीची वाटेल. तेथेही अनेकदा पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून एक लहान नळी काढून पाणी इंजिनात फिरविलेले असते आणि तापलेले पाणी पाटात पडत असते. त्या पाण्याला हात लावून इंजिनाची प्रकृती जोखण्याची रीत जुनीच आहे. बोटीच्या इंजिनात पंख्याजवळच्या जाळीतून पाणी आत शिरते. जाळीच्या वर असलेला रबरी पात्यांचा इंपेलर ते वर ढकलतो. ठरावीक तापमान झाले, म्हणजे बहुतेक इंजिनांत ५० ते ६० अंश सेल्सिअस, की थर्मोस्टॅट उघडतो. बहुतांश पाणी धुरासोबत खालून बाहेर पडते. थोडेसे पाणी मात्र बाजूच्या छिद्रातून मुद्दाम बाहेर सोडलेले असते, ते केवळ दिसावे म्हणून.

धार थांबली की बहुतेकांचा पहिला संशय इंपेलरवर जातो आणि इंजिनाचा खालचा भाग खोलण्यास प्रारंभ होतो. तपासणीचा हा क्रम चुकीचा आहे. प्रथम पाहायचे ते दृष्टीसमोर असलेले धारेचे छिद्रच. हे छिद्र जेमतेम पेन्सिलीएवढे असते, आणि इंजिन चार-आठ दिवस काठावर उभे राहिले की कुंभारीण त्याचा ताबा घेते.

कुंभारीण ही एकाकी राहणारी गांधीलमाशी होय. तिच्या काही जाती भिंतीवर, दाराच्या चौकटीवर मातीची घरटी बांधतात. काही जाती मात्र आयतीच पोकळी शोधतात, मग ती वेळूच्या कांड्याची असो, खिळ्याच्या छिद्राची असो वा नळीच्या तोंडाची. पोकळीत अंडे घालायचे, बेशुद्ध केलेल्या अळ्या किंवा कोळी भरायचे आणि ओल्या चिखलाने तोंड लिंपायचे, असा तिचा क्रम असतो. पाणी ओसरलेल्या जलाशयाचा काठ म्हणजे तिच्यासाठी चिखलाची खाण आणि तेथेच उभी असलेली बोट म्हणजे तयार घर. तिच्या कामाचा झपाटाही विलक्षण असतो. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर सुमारे दोन तास थांबलेल्या एका प्रवासी विमानाच्या वेगमापक नळीत अशाच माशीने घरटे केले होते आणि उड्डाणानंतर ते विमान परत उतरवावे लागले. बोटीच्या बाबतीत उपाय सोपा आहे. इंजिन बंद ठेवून गवत कापण्याच्या यंत्रातील नायलॉनची दोरी छिद्रात हलक्या हाताने फिरवावी. तार वापरल्यास आतील रबरी नळी फाटू शकते. माशी मारण्याचे कारण नाही, कारण तिच्या अनेक जाती पिकांवरील अळ्याच वेचून नेतात. बोट उभी करताना छिद्रावर चिकटपट्टी लावावी आणि निघताना काढण्याची आठवण राहावी म्हणून तिला लाल चिंधी बांधावी.

छिद्र मोकळे असूनही धार येत नसेल तर दृष्टी खाली, जाळीकडे वळवावी. इंजिन बंद करून आणि सुरक्षा-दोरी काढून घेऊनच ते वर उचलावे व मगच पंख्याजवळ हात न्यावा. प्लास्टिकची पिशवी, पाणगवताची लड किंवा जलपर्णीच्या मुळांचा पुंजका जाळीवर बसलेला आढळतो. जलपर्णीची मुळे पिसांसारखी, केसाळ असतात व पाण्याच्या ओढीने जाळीला घट्ट चिकटतात. वेग वाढविला की इंजिन तापते आणि हळू चालविले की शांत होते, असे असेल तर जाळी अर्धवट बुजली असण्याची किंवा इंपेलर झिजला असण्याची शक्यता अधिक. कधी दोष केवळ उंचीचा असतो. उथळ पाण्यात पंखा वाचविण्यासाठी इंजिन फार वर उचलले की जाळी पाण्याबाहेर येते आणि पंप हवा ओढू लागतो.

पाणी हेच इंपेलरचे वंगण आहे. कोरडा फिरल्यास त्याची रबरी पाती काही सेकंदांतच घासू लागतात आणि थोड्याच वेळात जळतात. काठावर पाण्याविना इंजिन ‘जरा लावून पाहणे’ हे या कारणाने महागात पडते. कबिनीसारख्या गढूळ पाण्यात तर बारीक रेती पात्यांना आणि त्यांच्या घराला सतत खरवडत असते, त्यामुळे वर्षातून एकदा इंपेलर काढून पाहणे हिताचे. जुना इंपेलर बाहेर आला की त्याची पाती मोजावीत. एखादे तुटलेले असेल तर तो तुकडा कोठेतरी वरच्या मार्गात अडकलेला आहे असे समजावे. तो शोधल्याशिवाय नवा इंपेलर बसविला तर इंजिन पुन्हा तापेल आणि दोष नव्या सुट्या भागाला दिला जाईल.

धार उत्तम पडत असताना धोक्याची शिटी वाजत असेल तर थर्मोस्टॅट अडकला असावा, अथवा सिलिंडरभोवतीचे मार्ग गाळाने वा क्षाराने भरले असावेत. समुद्रावर वापरलेले इंजिन जलाशयावर आणले असेल तर क्षाराची शंका प्रथम घ्यावी. धार म्हणजे पंप चालतो याची खूण, संपूर्ण इंजिन थंड आहे याची हमी नव्हे. तापलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी मात्र ओतू नये, धातूला तडा जाण्याची भीती असते.

यांपैकी इंपेलर, थर्मोस्टॅट आणि छिद्र हे एकेका नावाड्याच्या हातातील विषय आहेत. जाळीवर बसणारी जलपर्णी तशी नाही. ती रोज काढली तरी रोज येते. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे भारतात शिरली. सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हैसूरचे शहरालगतचे तलाव असोत की कोल्हापूरची पंचगंगा, तिचे खत आपलेच सांडपाणी आहे. ती केवळ होड्यांनाच अडवीत नाही. १९९० च्या दशकात युगांडामध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या मुखाशी असलेल्या जिंजा येथील जलविद्युत केंद्रालाही तिने त्रस्त केले होते, आणि तेथेही अडचण शीतलन-पाण्याच्या मार्गाचीच होती.

तिच्यावरचा कीटकशास्त्रीय उपाय म्हैसूरहून काही तासांच्या अंतरावर, बंगळूर येथे सिद्ध झाला. निओकेटिना आयकॉर्नी आणि निओकेटिना ब्रुची हे चार-पाच मिलिमीटर लांबीचे सोंडे भुंगेरे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी भारतात आणले गेले. पिकांना ते खात नाहीत याची विलगीकरणात खात्री करून घेतल्यावर त्यांना बंगळूर परिसरातील तलावांत सोडण्यात आले. प्रौढ भुंगेरे रात्री पानांवर चौकोनी ओरखडे काढतात, अळी देठात बोगदा करते आणि कोष पाण्याखालच्या मुळांवर तयार होतो. देठातील हवेच्या पोकळ्या फुटल्या की वनस्पती पाणी शोषून बुडू लागते. परंतु याला दोन ते चार वर्षे लागतात. वर्षाच्या आत निकाल मागणाऱ्याने या मार्गाला जाऊ नये.

आणखी एक अडचण व्यवस्थापनाची आहे. यंत्राने संपूर्ण तलाव साफ केला, किंवा सर्वत्र तणनाशक फवारले, की भुंगेऱ्यांचे अन्न आणि घर दोन्ही जाते. मागे उरलेल्या रोपांतून व बियांतून जलपर्णी पुन्हा उभी राहते, तेव्हा तिला खाणारे पुरेसे कोणी उरलेले नसते. त्याऐवजी बोटीची वाट आणि धक्क्याचा परिसर तेवढा हाताने मोकळा ठेवावा आणि ज्या पट्ट्यांत पानांवर ओरखडे दिसतात ते काठाचे पट्टे न छेडता राहू द्यावेत. सांडपाणी वळविले नाही तर मात्र भुंगेरेही वाढीच्या वेगापुढे मागे पडतात.

भुंगेऱ्यांना यश येऊ लागले की नावाड्याची गैरसोय काही काळ वाढते. पिवळी पडलेली, कुजलेली जलपर्णी तुटून तिचे तुकडे पाण्यात तरंगू लागतात आणि अखंड गालिच्यापेक्षा हे तुकडे जाळीत अधिक सहज शिरतात. त्या हंगामात प्रत्येक फेरीनंतर इंजिन उचलून जाळी हाताने पुसावी आणि परतीच्या वाटेवर मान वळवून धार पाहत राहावे.