मंगळवेढा आणि सीमाभागातील भाषाप्रश्न

मंगळवेढा हे महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. तालुक्याची दक्षिण सीमा कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्यास भिडते आणि सीमेलगतच्या गावांत मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते.

इतिहास

बाराव्या शतकात येथे कलचुरी राजा बिज्जलाची राजधानी होती. कन्नड वचनकार बसवेश्वरांचा पूर्वकाळ त्याच्या पदरी येथेच गेला, असे परंपरा मानते. पुढे हेच गाव चोखामेळा, कान्होपात्रा आणि दामाजीपंत यांच्यामुळे मराठी भक्तिपरंपरेत संतभूमी ठरले.

ब्रिटिश काळात मंगळवेढा पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होते. या संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. शहापूर, तेरदाळ व शिरहट्टी हे त्याचे तालुके मंगळवेढ्यापासून दूर दक्षिणेला होते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना होऊन ते तिन्ही तालुके म्हैसूर राज्यात गेले, तर मंगळवेढा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात राहिले. एका संस्थानाची प्रजा अशा रीतीने दोन राज्यभाषांत विभागली गेली. बेळगावलगतचे शहापूर तर आजही सीमावादात आहे.

भाषाविषयक कायदे

म्हैसूरने १९६३ मध्ये कन्नडसाठी व महाराष्ट्राने १९६४ मध्ये मराठीसाठी राजभाषा अधिनियम केला. अल्पसंख्याक भाषिक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे, असे संविधानाचे कलम ३५०-अ सांगते. मात्र हे कलम सोयी पुरवण्याविषयी आहे, सीमा बदलण्याविषयी नाही. १९८६ मध्ये बेळगाव भागात कन्नडसक्तीविरुद्ध झालेल्या आंदोलनात मराठी भाषिकांचे बळी गेले.

राज्य बदलण्याची मागणी

महाजन आयोगाने १९६७ मध्ये जत, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागांतील २४७ गावे कर्नाटकास देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१२ च्या सुमारास जत तालुक्यातील गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. त्यामागे मुख्य कारण पाणीटंचाई होते, भाषा नव्हे. मंगळवेढ्याच्या दुष्काळी दक्षिण पट्ट्यातूनही उपसा सिंचनाच्या पाण्यासाठी असेच इशारे दिले गेले आहेत.

कॅनडातील क्वेबेक प्रांताशी या प्रश्नाची तुलना मर्यादितच ठरते. तेथे १९७७ च्या कायद्याने फ्रेंचला प्राधान्य मिळाले आणि १९८० व १९९५ मध्ये सार्वभौमत्वावर सार्वमत झाले. येथील गावांची मागणी देशातून फुटण्याची नसून शेजारच्या राज्यात जाण्याची होती; सीमा बदलण्याचा अधिकार मात्र संविधानाच्या कलम ३ नुसार संसदेकडे आहे, ग्रामसभेकडे नाही.