शेततळ्यांतील मासे व प्राणवायूची टंचाई

अहिल्यानगर जिल्ह्यांतील कित्येक बागायतदार शेततळ्यांत रोहू व कटला पाळतात. आभाळ भरलेलें असतां पहाटेस हे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करितात. कोणी तें भुकेचें लक्षण मानून आणखी खाद्य टाकितो, आणि येथेंच घात होतो. सूर्यप्रकाशावांचून शेवाळ प्राणवायु निर्माण करीत नाहीं. उलट असलेला खर्च करितें.

टंचाईच्या सालीं सरकार सारा तहकूब करून दुष्काळी कामें काढितें. प्राण्याची पेशीही तसेंच करिते. तिच्यांतील ‘हिफ’ नांवाचें प्रथिन प्राणवायु मुबलक असतां लागलेंच नष्ट होतें. तो कमी पडतांच तें साठतें, व पेशीकेंद्रांत जाऊन निवडक जनुकें, म्हणजे शरीराच्या कामाचे जणू लेखी हुकूमच, अमलांत आणितें. मग प्राणवायूवांचून शर्करेपासून शक्ति मिळूं लागते. या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु ही तजवीज अल्पकाळची; शरीरांत आम्ल साचूं लागतें. गोल्डफिश मासा त्याऐवजीं मद्यार्क बनवून कल्ल्यांवाटे बाहेर टाकितो, म्हणून थंड पाण्यांत प्राणवायूवांचून कित्येक दिवस तगतो. मरळ माशास वरील हवेंतून श्वास घेतां येतो. रोहू-कटल्यास या दोन्ही सोयी नाहींत.

तरी शेतकरी बंधूंनीं ढगाळ दिवसांत खाद्य व शेणखत बंद ठेवावें, आणि मासे वर येतांच पंपानें पाणी उंचावरून फवारावें. मागाहून केलेल्या पंचनाम्यानें मासे परत येत नाहींत.