विद्वानांच्या मेळ्यांत वजन कोणाचें?

धाराशिव जिल्ह्यांतील भूम तालुक्यांत ईट हें गांव आहे. अशा गांवीं वाढलेला तरुण पदवी घेऊन संशोधनाकडे वळूं लागला, म्हणजे घरचीं वडील माणसें त्यास सांगतात, "मोठ्या विद्वानाचा आश्रय धर." उपदेश वावगा नाहीं, पण मोठा कोणास म्हणावें, याचा विचार क्वचितच होतो. आज एकाच निबंधावर चारपांच विद्वानांचीं नांवें असणें नित्याचें झालें आहे. अशा सहकार्याच्या जाळ्यांत खरें वजन कोणाचें, हें सुज्ञ वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

एकत्र कुटुंबांत नांदणारांस हें कोडें अवघड वाटूं नये. घराचा कर्ता एक असतो. परंतु माडीवरचें बोलणें माजघरांत आणि माजघरांतलें माडीवर पोंचविणारी एखादी आत्याबाई निराळीच असते, व तिच्यावांचून घरांतलें पान हालत नाहीं. लिंटन फ्रीमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९७७ सालीं हीच गोष्ट गणितांत बसविली. कोणाच्या ओळखी किती एवढेंच न पाहतां, इतर दोघांना जोडणाऱ्या जवळच्या वाटा कितीदां एकाच माणसावरून जातात, हें त्यानें मोजलें. पुढें मार्क न्यूमन यांनीं २००१ सालीं शास्त्रज्ञांचें सहलेखन तपासलें, तेव्हां असें आढळलें कीं, एखाद्या शास्त्रज्ञापासून इतरांकडे जाणाऱ्या बहुतेक वाटा त्याच्या एकदोन सहकाऱ्यांवरूनच जातात.

याचा दाखला पुण्यांतच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ सालीं झाली. तेथें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली गेली व १९६६ सालीं ती पुरी झाली. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं द्रव्यसाहाय्य केलें. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर हे प्रधान संपादक होते. पाठभेद टिपण्याचें काम पुण्याप्रमाणेंच शांतिनिकेतन व तंजावर येथेंही चाले. सभापर्वाचें संपादन तर अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनीं केलें. द्रव्य एकाचें, शास्त्रदृष्टि दुसऱ्याची. पण मंदिरांतील पोथ्यांची देखभाल परशुराम कृष्ण गोडे यांजकडे होती. हुद्दा क्युरेटरचा, म्हणजे पोथ्या सांभाळण्याचा. तथापि दूरदूरच्या विद्वानांशीं त्यांचा पत्रव्यवहार असे, आणि जिलबीपासून शोभेच्या दारूपर्यंत नाना विषयांवर त्यांनीं चारशेंहून अधिक लेख लिहिले. मोठ्या खुर्चीवांचून माणसाचें वजन कसें वाढतें, हें त्यांच्याकडे पाहून कळतें.

मात्र ही जागा जितकी उपयोगाची तितकीच जोखमीची. पुलावर बसलेला मनुष्य वाट दाखवूं शकतो, तशी जकातही घेऊं शकतो. पत्राचें उत्तर लांबवावें, पोथी कपाटांत दडवावी, दुसऱ्याच्या श्रमावर आपलें नांव पुढें करावें, हे जकातीचेच प्रकार होत. शिवाय सहलेखनाच्या मापांत एक उणीव आहे : निबंधावर ज्याचें नांव छापलें जात नाहीं, तो मोजलाच जात नाहीं. पोथी जपणारा, नक्कल करणारा, आंकडे भरणारा, हे त्या गणितास दिसत नाहींत.

म्हणून ईटच्या तरुणास आम्ही एवढेंच सुचवितों कीं, गुरु शोधतांना केवळ कीर्ति पाहूं नये. त्यांचे जुने विद्यार्थी आज स्वतःच्या पायांवर उभे आहेत काय, एकमेकांशीं मिळून कांहीं लिहितात काय, मदतनिसाचें नांव गुरु आवर्जून घेतात काय, याची चौकशी करावी. स्वतःस तुच्छही लेखूं नये. गांवांतील जुनीं दप्तरें, बोलीचे शब्द, पीकपाण्याची माहिती, यांपर्यंत पोंचण्याची वाट बाहेरच्या विद्वानांस पुष्कळदां एकट्या त्याच्याच दारावरून जाईल. तें दार मोकळें ठेवावें आणि केलेल्या श्रमाचें नांव मात्र निःसंकोच मागून घ्यावें.