रक्तातून कर्करोगाचा माग काढणारे प्रतिपिंड

आपल्या यकृतातील पेशीत आणि डोळ्यातील पेशीत डीएनए एकच असतो. तरीही यकृताला दिसत नाही आणि डोळ्यात पित्त तयार होत नाही. असे का? कोणते जनुक चालू राहावे व कोणते बंद, हे ठरविणाऱ्या काही रासायनिक खुणा डीएनएवर असतात. त्यांतील प्रमुख खूण म्हणजे मिथिल गट. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढासाच हा गट डीएनएमधील सायटोसिन या घटकाला चिकटतो. जनुकाच्या आरंभापाशी अशा खुणांची दाटी झाली, की ते जनुक सहसा बंद पडते. कर्करोगात नेमकी हीच घडी विस्कटते आणि पेशींची बेसुमार वाढ रोखणारी जनुकेच बंद होतात.

या खुणा शोधायच्या कशा? प्रतिपिंडे रोगजंतूंना ओळखून पकडतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. शास्त्रज्ञांनी मिथिल लागलेले सायटोसिन पकडणारे प्रतिपिंड प्रयोगशाळेत तयार केले. डीएनएचे बारीक तुकडे करून ते आधी तापवावे लागतात, कारण दोन धागे सुटे झाल्याखेरीज या प्रतिपिंडाला खूण नीट पकडता येत नाही. मग प्रतिपिंड मिसळायचे आणि त्याने धरलेले तुकडे चुंबकीय मण्यांनी बाहेर ओढायचे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील शास्त्रज्ञांनी ही पद्धत २००५ साली प्रसिद्ध केली.

गाठीतील मेलेल्या पेशींचा डीएनए रक्तात उतरतो, पण तो अत्यल्प असतो. कॅनडातील टोरांटोच्या संशोधकांनी २०१८ साली रक्तातील अवघ्या १ ते १० नॅनोग्रॅम डीएनएवर हा प्रयोग साधला. (एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग!) एवढ्याशा मालावर प्रतिपिंड नीट काम करीना, म्हणून त्यांनी जिवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूचा डीएनए भर म्हणून घातला. गृहिणी डाळीत पाणी वाढवते तसेच म्हणा ना! सापडलेल्या खुणांवरून त्यांना निरनिराळे कर्करोग वेगळे ओळखता आले.

मात्र प्रतिपिंडही फसते. त्याच वर्षी स्वीडनमधील संशोधकांनी जुन्या प्रयोगांची फेरतपासणी केली, तेव्हा पकडलेल्या भागांपैकी ५० ते ९९ टक्के खोटे निघाले. डीएनएत तीच ती अक्षरे पुन्हा पुन्हा येतात अशा जागी खूण नसतानाही प्रतिपिंड चिकटत होते. त्यामुळे कोणतीच खूण न ओळखणारे दुसरे प्रतिपिंड शेजारी वापरून त्याने धरलेले तुकडे वजा करावे लागतात. 'एका रक्ततपासणीत सर्व कर्करोग' अशी जाहिरात दिसली, तर ही आकडेवारी आठवावी.

आपल्याकडे तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचा संशय यायला तर रक्तही काढावे लागत नाही. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना बॅटरीच्या उजेडात ती पाहू द्यावी. गरज वाटल्यास ते तुकडा काढून तपासणीस पाठवतात.