मुलाखतीतील विश्लेषणात्मक प्रश्न : आधी वाक्य, मग आकडे

मुलाखतीत कोडेवजा प्रश्न आला की कला शाखेचे अनेक उमेदवार 'माझे गणित कच्चे आहे' असे सांगून मोकळे होतात. पुष्कळदा अडचण गणितात नसतेच. पुढील प्रश्न पाहा : 'बॅट व चेंडू यांची एकत्रित किंमत ११० रुपये आहे. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. चेंडूची किंमत किती?'

बहुतेकांच्या तोंडून चटकन '१० रुपये' असे उत्तर येते. शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये मांडलेल्या चाचणीत हाच प्रश्न डॉलरमध्ये होता. नामांकित अमेरिकी विद्यापीठांतील अनेक विद्यार्थीही त्यात चुकले.

चूक कोठे होते? प्रश्नात 'रुपयांनी' आहे. आपण 'रुपयांची' ऐकतो. 'नी' हा प्रत्यय येथे दोन किमतींतील फरक दाखवतो, 'ची' प्रत्यक्ष किंमत सांगतो. विभक्तिप्रत्यय अभ्यासलेल्या तुम्हांला हा भेद नवा नाही. (व्याकरण परीक्षेपुरतेच असते, असे मानणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे.)

म्हणून प्रश्न प्रथम स्वतःच्या शब्दांत मांडा आणि पुढचा विचार मोठ्याने बोला : 'फरकाचे १०० रुपये बाजूला ठेवले, तर १० उरतात. ते दोन्ही वस्तूंत समान वाटले, की चेंडू ५ रुपयांचा आणि बॅट १०५ रुपयांची.' पडताळाही बोलून दाखवा : बेरीज ११०, फरक १००. चेंडू १० रुपयांचा धरला, तर फरक ९०च उरतो. उत्तर मुलाखतकारांना ठाऊकच असते. त्यांना तुमच्या विचाराच्या पायऱ्या ऐकायच्या असतात. घाईने '१०' म्हणून गेलात, तरी 'जरा फरक तपासून पाहू द्या' असे म्हणून दुरुस्ती करण्यात कमीपणा नाही.